पाय टेकल्याचा दंड

१९०४ सालच्या डिसेंबरात दोन घटना घडल्या. २१ तारखेला पॅरिसमध्ये काही युरोपीय देशांच्या मोटारसायकल क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी आपला एक आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन केला. त्याच महिन्यात इकडे ‘मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया’ या संस्थेने दिल्ली ते मुंबई अशी मोटारींची दौड भरवली. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तरीही त्या शेजारी शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत, कारण दिल्ली-मुंबई दौडीला ‘रेस’ म्हटलेले नव्हते, ‘ट्रायल’ म्हटले होते.

मराठीत हा शब्द आपण शिंप्याकडे वापरतो आणि न्यायालयात वापरतो. मोटारींच्या आरंभकाळात त्याचा अर्थ या दोन्हींच्या मधला होता. यंत्र अंगाला बसते का हे पाहायचे आणि त्याच्यावर खटलाही चालवायचा. १९०० साली ब्रिटनमध्ये झालेली हजार मैलांची ट्रायल हा त्यातला गाजलेला दाखला. घोड्यावर पिढ्यान् पिढ्या विश्वास ठेवणाऱ्या समाजाला हे धूर ओकणारे वाहन ठरल्या वेळी ठरल्या गावी पोहोचते, एवढेच पटवून द्यायचे होते. दिल्ली-मुंबई दौडीचा हेतूही तोच होता: हिंदुस्थानच्या रस्त्यांवर मोटार चालू शकते हे लोकांना दाखवणे, आणि चालू शकत नसेल तिथे रस्ते सुधारण्याची गरज सरकारला दाखवणे. दाभोळसारख्या बंदरात त्या काळी मुंबईहून माणूस येई तो आगबोटीने.

पॅरिसच्या महासंघाची कथा अधिक भांडखोर आहे. त्याच वर्षी फ्रान्समधल्या दुर्दां येथील आंतरराष्ट्रीय चषकाच्या शर्यतीत इतके गैरप्रकार झाले, की निकालच रद्द करावा लागला. नियम कोणी करायचे आणि तक्रार कोणाकडे न्यायची, हे ठरवण्यासाठी महासंघ निघाला. दोन वर्षांत १९०६ च्या शर्यतीवरून पुन्हा तंटा झाला आणि महासंघ मोडला. १९१२ मध्ये तो पुन्हा उभा राहिला आणि १९४९ पासून ‘एफआयएम’ या आजच्या नावाने ओळखला जातो. खेळ चालवणाऱ्या संस्था खेळाच्या प्रेमातून जन्मतात असा आपला समज असतो. पुष्कळदा त्या निकालाच्या भांडणातून जन्मतात.

यंत्र भरवशाचे झाल्यावर ट्रायलचे काय करायचे, हा प्रश्न ब्रिटनमध्ये लवकरच आला. साधा रस्ता कोणीही पार करू लागला, तेव्हा आयोजक रस्ता सोडून डोंगरात शिरले. १९०९ साली सुरू झालेली आणि दोन वर्षांनी सहा दिवसांची झालेली स्कॉटलंडची ‘सिक्स डेज ट्रायल’ आजही भरते. १९१३ साली कार्लाइल येथे आंतरराष्ट्रीय सहा दिवसांची ट्रायल सुरू झाली. १९१४ साली यॉर्कशरमध्ये आल्फ्रेड स्कॉट या कारखानदाराच्या नावाने आणखी एक ट्रायल निघाली. या सगळ्यांत वाटेतले काही कठीण तुकडे आखून तिथे परीक्षक उभे करण्याची पद्धत रुजली. हळूहळू तुकडाच मुख्य झाला आणि वाट गौण.

१९२४ मधली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. दक्षिण इंग्लंडमधल्या कॅम्बर्ली येथील क्लबाला स्कॉट ट्रायलसारखीच स्पर्धा भरवायची होती, पण परीक्षकांचे तुकडे वगळून, नुसती वेळ मोजून. ब्रिटनच्या नियामक संस्थेने, म्हणजे ऑटो-सायकल युनियनने, निवाडा दिला की परीक्षक नसतील तर तिला ट्रायल म्हणता येणार नाही. क्लबाने स्पर्धा भरवलीच, फक्त नाव बदलून ‘स्क्रॅम्बल’ ठेवले. आज जगभर लाखो लोक जो मोटोक्रॉस पाहतात, त्याचे मूळ तिथे शोधले जाते. संस्थेने एका शब्दाची राखण केली आणि त्या राखणीतून भलताच, कितीतरी अधिक पैसेवाला खेळ जन्माला आला.

ट्रायलचा आजचा नियम आट्यापाट्यांइतकाच सोपा आहे. खुणेच्या फितींमधून दगड, ओढा, चढ, झाडांची मुळे असा एक छोटा तुकडा पार करायचा. त्यात एकदा पाय जमिनीला लागला तर एक दंडगुण, दोनदा लागला तर दोन, तीन किंवा अधिक वेळा लागला तर तीन. पडलात, फितीबाहेर गेलात, तर पाच. पायच न टेकता गेलात तर शून्य, आणि दिवसाअखेर ज्याचे गुण सर्वांत कमी तो जिंकला. गाडी सत्तर किलोंच्या आसपास वजनाची असते, तिला बसायला धड सीट नसते, टायरांत हवा नावापुरती असते. स्वार उभाच असतो. तुकड्यातला वेग पुष्कळदा माणसाच्या चालीएवढा. गाडीला पुढे जाताना थांबू द्यावे की नाही, यावरून या खेळात मठा-मठांतल्यासारखे वाद होतात. २०१३ मध्ये जागतिक स्पर्धेत न थांबण्याचा नियम आणला, तेव्हा तो वाद पुन्हा पेटला होता. जागतिक अजिंक्यपद १९७५ पासून आहे. स्पेनचा टोनी बोऊ २००७ पासून दरवर्षी ते जिंकत आला, आणि तरीही आपल्याकडच्या मोटारसायकलवेड्या मुलाला ते नाव सहसा ठाऊक नसते.

आता आपल्या बुलेटकडे वळू. कारण हा खेळ भारतात आला नाही, पण त्याचे यंत्र आले, आणि ते आपण इतके आपलेसे केले की त्याचे मूळ कोणाला विचारावेसेही वाटले नाही.

१९४८ च्या आरंभी इंग्लंडमधल्या कोलमोर कप ट्रायलमध्ये रॉयल एनफिल्डने बुलेटच्या नव्या नमुन्याच्या गाड्या उतरवल्या. त्यांच्या मागच्या चाकाला झोके घेणारी चौकट आणि स्प्रिंगचे दांडे होते. तोवर ट्रायलच्या जाणत्यांचा पक्का समज असा, की मागचे चाक ताठ बसवलेले हवे, नाहीतर चिखलात पकड जाते. त्याच वर्षी इटलीतल्या सान रेमो येथे आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या ट्रायलमध्ये बुलेटवरच्या दोघा स्वारांनी सुवर्णपदके मिळवली आणि ते ज्या ब्रिटिश संघात होते त्याने मुख्य चषक जिंकला. पुढे जॉनी ब्रिटन या स्वाराने १९५२ आणि १९५७ मध्ये रॉयल एनफिल्डवरच स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल मारली. म्हणजे आपल्याकडे फौजदार आणि पाटील यांची समजली जाणारी ही गाडी मुळात दगडांतून, ओढ्यांतून, पाय न टेकता हळू जाण्याच्या परीक्षेत पास झालेली आहे. तिचे जड फ्लायव्हील, कमी फेऱ्यांतही न गुदमरणारे इंजिन, तो ठोका ठोका मोजावा असा आवाज, या गोष्टी त्या परीक्षेत उपयोगी पडणाऱ्या. भारतीय लष्कराने सीमेवरच्या गस्तीसाठी बुलेट निवडली ती याच गुणांसाठी. १९५५ मध्ये मद्रासला कंपनी निघाली, आणि मूळ इंग्रजी कारखाना बंद पडल्यावरही बुलेट आपल्याकडे बनत राहिली.

जावाचेही तसेच. मुंबईत आयातीचा व्यवसाय करणाऱ्या इराणी मंडळींनी म्हैसूरला आयडियल जावा काढली आणि १९६१ च्या सुमारास तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे त्यांना येझदी हे नाव मिळाले. चेकोस्लोव्हाकियाच्या संघाने त्या दशकांत जावावर बसून सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय ट्रायल कितीदा तरी जिंकली होती. ती स्पर्धा १९८१ पासून ‘एन्ड्युरो’ नावाने भरते. इथेही शब्द बदलला आणि ट्रायलच्या वाट्याला आणखी लहान कोपरा उरला. आपल्याकडे जावा कॉलेजात गेली, शेतावर गेली, दुधाच्या कॅनांखाली वाकली. ट्रायलला गेली नाही.

का गेली नाही? याचे उत्तर यंत्रात नाही, संस्थांच्या इतिहासात आहे असे मला वाटते.

मुंबईत १९१९ साली ‘वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन’ निघाली. पण तिचा पिंड मोटारमालकांच्या सोयीचा: नकाशे, परवाने, रस्त्यांच्या तक्रारी. दुसऱ्या महायुद्धाने देशभर धावपट्ट्या मागे ठेवल्या, आणि स्वातंत्र्यानंतरचा मोटारखेळ त्या धावपट्ट्यांवर वाढला. मद्रासला शोलावरम, कलकत्त्याला बराकपूर. मुंबईला जुहूची जुनी धावपट्टी होतीच. सपाट, सरळ डांबर मिळाल्यावर माणूस दुसरे काय करणार? वेगच मोजणार. मुंबईच्या ‘इंडियन ऑटोमोटिव्ह रेसिंग क्लब’च्या नावातच रेसिंग होते. १९७१ मध्ये देशभरच्या क्लबांचा महासंघ, ‘एफएमएससीआय’, स्थापन झाला, तोवर खेळ म्हणजे शर्यत किंवा रॅली ही व्याख्या पक्की झाली होती. ट्रायलसाठी आग्रह धरणारा एकही मोठा क्लब त्या टेबलाशी बसलेला दिसत नाही.

पुढे १९८० च्या दशकात नझीर हुसेन या मुंबईच्या दबंग संघटकाने हिमालयन रॅली भरवून परदेशी स्वार भारतात आणले. या माणसाने भारतीय मोटारखेळाला जागतिक सभांत खुर्ची मिळवून दिली आणि त्याच माणसाच्या ‘मोटरस्पोर्ट्स असोसिएशन ऑफ इंडिया’ आणि एफएमएससीआय यांच्यात नव्या शतकाच्या सुरुवातीची वर्षे मान्यतेच्या भांडणात गेली. जागतिक संस्थेपुढे देशाचा खरा प्रतिनिधी कोण, हा वाद होता. त्याचा तपशील इथे नको. एवढेच नोंदवतो की अशा भांडणांत जो खेळ टेबलावरच नाही, त्याचे नाव काढायला कोणालाच सवड नसते. सरशी अखेर एफएमएससीआयची झाली.

पैशाचीही बाजू आहे. टायर कंपनीला आणि तेल कंपनीला गर्दी हवी. सुपरक्रॉसमध्ये गाड्या हवेत उडतात आणि स्टेडियम भरते. २०२४ च्या जानेवारीत पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉसच्या व्यावसायिक लीगची पहिली फेरी झाली, तेव्हा ते दिसलेच. ट्रायल पाहायची तर प्रेक्षकाने स्वतः डोंगर चढायचा आणि एका दगडाशी तासभर उभे राहायचे. शिवाय त्या खास गाड्या परदेशीच, त्यांच्यावर भरमसाट आयात शुल्क. आपल्याकडे ट्रायलच्या वृत्तीला सर्वांत जवळ गेली असेल तर मुंबई-नवी मुंबई परिसरात भर जुलैमध्ये अनेक वर्षे भरत आलेली मान्सून स्कूटर रॅली. घरची स्कूटर, गुडघाभर चिखल, आणि चाक रुतले तरी धीर न सोडणे. तिथेही घड्याळ होते, पण निकाल लागायचा तो चिखलात.

आणि जमीन? ट्रायलसाठी देवाने केलेली जमीन कुठे असेल तर ती आमच्या दाभोळच्या आजूबाजूला आहे. वाशिष्ठीच्या मुखाशी उतरणारे चढ, जांभ्याच्या चिऱ्यांच्या पाखाड्या, पावसाळ्यात शेवाळून काळ्या पडणाऱ्या, वर गेले की कातळाचा सडा, आणि त्याला कापत येणारे पऱ्हे. एका पाखाडीत इंग्लिश परीक्षकाने दिवसभर खूश राहावे असे पाच तुकडे निघतील. २००३ पासून दाभोळ-धोपावे फेरीबोट चालू आहे. चिपळूणचा वळसा टळल्यामुळे मुंबई-पुण्याचे मोटारसायकलस्वार जेटीवर रांगेने उभे असतात. त्यांच्या गाड्या डोंगर-दगडांसाठीच म्हणून विकलेल्या असतात आणि बोटीतून उतरून पुन्हा डांबरावरच जातात. गावच्या पोरांकडे कौशल्य आहे, पण ते चार लोकांसमोर पुढचे चाक उचलण्यात खर्च होते. क्लब नाही, परीक्षक नाही, आणि घसरला तर विमाही नाही.

मात्र इथे ट्रायल भरवू म्हणणाऱ्याने दोन गोष्टी आधी पाहाव्यात. रत्नागिरी जिल्ह्याच्या सड्यांवर कातळशिल्पे आहेत; उक्षी, कशेळी, बारसू ही त्यांतली ठाऊक असलेली नावे. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य वारशांच्या यादीत गेली. पण मातीखाली, गवताखाली अजून किती झाकलेली असतील? जो कातळ चाकाला मोकळा वाटतो तो मोकळा असेलच असे नाही. म्हणून स्पर्धा घ्यायची तर पाखाडीत, ओढ्याच्या बांधावर, माणसाने आधीच झिजवलेल्या वाटेवर घ्यावी. सड्यावर चाक नेऊ नये. ब्रिटनमध्ये हा खेळ शंभर वर्षे टिकला तो शेतकऱ्याची परवानगी घेऊन, फिती लावून, आणि संध्याकाळी फिती काढून नेऊन. स्थानिक क्लबाचे खरे काम तेच असते.

दुसरी गोष्ट त्या परवानगीचीच. यॉर्कशरात एका शेतकऱ्याला विचारले की काम होते. आपल्याकडे एका तुकड्याच्या सातबाऱ्यावर कधी कधी चाळीस सामाईक खातेदार असतात, त्यातले निम्मे लालबाग-डोंबिवलीला, काही हयात नाहीत, आणि त्यांच्या वारसांची नोंद अजून व्हायची आहे. एफएमएससीआयचा परवाना मिळणे त्या मानाने सोपे. चाळीस सह्या गोळा करायच्या तर गणपतीत गाठावे लागेल, तेव्हा सगळे घरी असतात, आणि पाखाडीही नेमकी ओली असते.