कुलूप, किल्ली आणि मोडी

तर झालं असं की, गेल्या शनिवारी सकाळी अस्मादिकांनी घरच्या बॅकअप ड्राईव्हचं एन्क्रिप्शन काढायला घेतलं. एक टेराबाईटची एक्स्टर्नल डिस्क, त्यावर दहा-बारा वर्षांचे फोटो, बाबांनी स्कॅन केलेले घराचे कागद, आजीच्या आवाजातल्या दोन कहाण्या. तीन वर्षांपूर्वी मोठ्या रुबाबात मीच तिला बिटलॉकर लावलं होतं. आमच्या धंद्यात उघडी डिस्क म्हणजे पाप!

परवा बाबांनी सहज विचारलं, "तू इथे नसलास तर हे कसं उघडायचं रे?"

मी म्हटलं, "बाबा, पासवर्ड देतो ना."

"तो मला आठवणार आहे का? आणि माझ्यानंतर तुझ्या मुलांना?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ४८ आकडी रिकव्हरी की होती, पण ती माझ्याच ई-मेलमध्ये. म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीत.

बऱ्याच जणांना वाटतं की एन्क्रिप्शन काढायचं म्हणजे डिस्क फॉरमॅट करायची. तसं काही नाही. ड्राईव्ह पासवर्डने उघडायची आणि बिटलॉकर बंद करायला सांगायचं. मग यंत्र एकेक ब्लॉक वाचतं, उलगडतं आणि जागच्या जागी साधा करून परत लिहितं. म्हणून वेळ लागतो. मधेच केबल उपटायची नाही, आणि दुसरीकडे एक प्रत असल्याशिवाय या वाटेला जायचंच नाही. दुपारी पनवेलच्या रिवाजाप्रमाणे लाईट गेली, पण लॅपटॉपच्या बॅटरीवर गाडी चालू राहिली. टक्केवारी मुंगीच्या पावलाने सरकत होती. मग काय, बसल्या बसल्या इतिहासात शिरलो.

मराठी इतिहासातला सगळ्यात प्रसिद्ध सांकेतिक निरोप कुठला? पानिपतचा. १४ जानेवारी १७६१ ला तिथे सगळं संपलं. नानासाहेब पेशवे तेव्हा मदतीला उत्तरेकडे निघाले होते. वाटेत त्यांच्या हाती एका सावकाराच्या जासुदाकडचं पत्र लागलं. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात हा प्रसंग दिला आहे. पत्रात लढाईबद्दल चकार शब्द नाही. दोन मोती गेले, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि चांदी-तांब्याची तर मोजदादच नाही, असा सगळा सराफी हिशेब. दुसऱ्या कोणाला वाटलं असतं की एखादी पेढी बुडाली. पेशव्यांना कळलं की पेढी नाही, घर बुडालं. त्यातला एक मोती पोटचा मुलगा विश्वासराव, दुसरा चुलतभाऊ सदाशिवराव. त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर नानासाहेब गेले.

इंजिनिअरच्या नजरेने बघा. इथे किल्ली कुठल्या कागदावर नव्हती. जो ते दोन मोती ओळखत होता, त्यालाच ती सापडली.

आता उलटं उदाहरण, आणि तेही आमच्या अंगणातलं. गोवा हायवेने पनवेलहून निघालात की शिरढोण लागतं. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म तिथला, १८४५ चा. पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकुनी करणारा हा माणूस दुष्काळातले हाल बघून पेटला आणि १८७९ मध्ये त्याने सरकारविरुद्ध बंड मांडलं. आणि हा माणूस चक्क रोजनिशी लिहीत होता, आत्मचरित्रही लिहीत होता! जुलै १८७९ मध्ये ते पकडले गेले आणि पुण्याच्या खटल्यात हेच लिखाण त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे आलं. सार्वजनिक काकांनी वकीलपत्र घेतलं, पण शिक्षा जन्मठेपेची झाली. १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात ते वारले.

"बघा, एन्क्रिप्ट करायला हवं होतं," असं माझ्यातला सिक्युरिटीवाला लगेच म्हणतो. पण थांबा. त्या लिखाणाचं इंग्रजी भाषांतर मुंबई सरकारने १९५७ मध्ये स्वातंत्र्यलढ्याच्या साधनांच्या पहिल्या खंडात छापलं. फडके काय विचार करत होते हे आज आपल्याला त्यांच्याच शब्दांवरून कळतं. ज्या उघडेपणाने त्यांना अडकवलं, त्यानेच त्यांना आपल्यापर्यंत पोचवलं. म्हणजे गुपिताला आयुष्य असतं. ज्याच्यापासून लपवायचं तो गेला की कुलूप फक्त आपल्याच माणसांना अडवतं.

तिसरी गोष्ट मोडीची. मोडी म्हणजे काही गुप्त लिपी नव्हे. आमच्या भाषेत सांगायचं तर ते एन्कोडिंग, एन्क्रिप्शन नाही. भराभर लिहिता यावं म्हणून ती लिपी. आधी ओळभर रेघ मारायची, मग बोरू फारसा न उचलता अक्षरं लटकवत जायची. शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. शेकडो वर्षं दरबार, वतन, सावकारी सगळं तिच्यात चाललं. पण छपाईला बाळबोध सोयीची पडली, आणि १९५० च्या दशकात मोडी शाळांतूनही गेली. कोणी कुलूप लावलं नाही. नुसतं शिकवणं थांबलं आणि दोन पिढ्यांत किल्ली हरवली.

या कुलपामागे किती माल आहे? पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधलेले कागद कोटींच्या घरात आहेत. गो. स. सरदेसायांनी १९३० ते ३४ या काळात त्यांतून निवडून ४५ खंड काढले, तरी तो समुद्रातला तांब्याच. २०१४ मध्ये युनिकोडमध्ये मोडी आली, म्हणजे ती टाईप करता येते. पण म्हणून कागद आपोआप वाचता येत नाही!

हे मला कळलं ते घरातच. बाबांच्या स्कॅनमध्ये पणजोबांच्या ट्रंकेतले तीन मोडी कागद आहेत. 'सावकाराने आपली खाचरं लाटली' ही कथा आमच्या घरात सत्तर वर्षं चालत आली. गेल्या वर्षी एका मोडी जाणणाऱ्या निवृत्त मास्तरांकडून ते वाचून घेतले. निघालं काय? जमीन पणजोबांनीच, मुलीच्या लग्नासाठी, राजीखुशीने विकलेली. पैसे पोचल्याची पावतीसुद्धा तिथेच. सत्तर वर्षं एका माणसाला आम्ही चोर म्हणत होतो, आणि त्याच्या निर्दोषपणाचा कागद आमच्याच माळ्यावर होता. वाचून झाल्यावर बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग ठरवलं. बँकेची कागदपत्रं आणि पासवर्ड यांची वेगळी, कुलूपबंद ड्राईव्ह. तिची किल्ली कागदावर, आईच्या कपाटात. फोटो, कहाण्या आणि जुने कागद मात्र उघडे. मोडी कागदांशेजारी मास्तरांनी केलेलं बाळबोध वाचनही ठेवलं. नाहीतर ड्राईव्ह उघडेल, पण कागद बंदच राहील.

असो. रविवारी रात्री जेवायला बसताना १०० टक्के झालं. बाबांनी स्वतः केबल जोडून बघितली, पासवर्ड न विचारता आजीची कहाणी लावली, आणि पानावर बसलेली आई घास हातात धरून ऐकत राहिली.