आद्य प्रबोधनकालीन धर्मचित्रांच्या कॅनव्हास-प्रतिकृती

चौदाव्या-पंधराव्या शतकांतील इटालियन धर्मचित्रांच्या, घरात लावण्यासाठी कॅनव्हासवर छापलेल्या अथवा हाताने रंगविलेल्या नकला. जॉत्तो, फ्रा अँजेलिको, फीलिप्पो लिप्पी व बोत्तिचेल्ली यांची चित्रे त्यांत विशेष आढळतात. मॅडोना व बालयेशू, मेरीला मिळालेला शुभसंदेश आणि वाद्ये वाजविणारे देवदूत हे प्रमुख विषय होत.

मूळ माध्यम : मूळ चित्रे बहुतांशी कॅनव्हासवर नव्हती. वेदीचित्रे व घरगुती मॅडोना लाकडी फळीवर रंगवीत. फळीवर जिप्सम व सरस यांचे थर देऊन ते घासून गुळगुळीत करीत आणि अंड्याच्या बलकात कालवलेले रंग बारीक रेघांनी लावीत. प्रभावलयासाठी तांबड्या मातीच्या लेपावर सोन्याचा वर्ख चिकटवून घोटीत. पादुआ येथील जॉत्तोची (सु. १३०५) आणि फ्लॉरेन्सच्या सान मार्को मठातील फ्रा अँजेलिकोची चित्रे ओल्या गिलाव्यावरील आहेत. कॅनव्हास रुळला तो मुख्यतः सोळाव्या शतकातील व्हेनिसमध्ये.

पूर्वपीठिका : घरासाठी नकला करण्याची प्रथा त्या काळातही होती. पंधराव्या शतकात फ्लॉरेन्समधील एका कार्यशाळेत लिप्पी व पेसेल्लीनो यांच्या रचना आराखड्यांवरून उतरवून मॅडोना-चित्रे तयार होत. त्यांचे कर्ते अज्ञात असल्याने अभ्यासक त्यांना ‘लिप्पी-पेसेल्लीनो अनुकारक’ म्हणतात. आन्तोन्यो रोस्सेल्लीनो याच्या उत्थित शिल्पांच्या साच्यातून काढलेल्या, रंगविलेल्या प्रतीही घरोघरी असत.

अरुंडेल सोसायटी : या चित्रांची छापील प्रत मध्यमवर्गीय घरांत नेण्याचे श्रेय प्रामुख्याने लंडनच्या अरुंडेल सोसायटीकडे (१८४८–९७) जाते. सतराव्या शतकातील संग्राहक टॉमस हॉवर्ड, अर्ल ऑफ अरुंडेल याच्यावरून तिचे नाव पडले. कलासमीक्षक जॉन रस्किन तिच्या कार्यकारी मंडळावर होता; जॉत्तोच्या पादुआतील चित्रांवर त्याने संस्थेसाठी विवेचन लिहिले. निनेव्हेचा उत्खननकार ऑस्टिन हेन्री लेयर्ड याच्या पुढाकाराने १८५६ पासून रंगीत शिलामुद्रिते निघू लागली. पानिकाले येथील पेरुजीनोचे संत सेबॅस्टियनचे हौतात्म्य हे त्यांतील पहिले. चेझारे मारिआन्नेच्ची, क्रिस्टियन शुल्ट्‌स प्रभृती चित्रकार प्रत्यक्ष स्थळी जाऊन जलरंगात लहान प्रत करीत. तीवरून प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार होई. वार्षिक वर्गणी एक गिनी होती. प्रतींच्या अचूकतेविषयी मतभेद आहेत. छायाचित्रणाच्या प्रसारानंतर संस्था मागे पडली, असे मानले जाते. तिच्यासाठी केलेली जलरंगचित्रे व्हिक्टोरिया अँड ॲल्बर्ट संग्रहालयात आहेत.

ऑलिओग्राफ : रंगीत शिलामुद्रितावर कॅनव्हासच्या विणीचा ठसा उठवून व रोगण देऊन तैलचित्राचा आभास निर्माण केला जाई. राजा रविवर्मा यांच्या मुंबईत सुरू होऊन पुढे मळवलीस गेलेल्या छापखान्याचे तंत्र याच कुळातले.

सद्यस्थिती : १९९१ च्या सुमारास अमेरिकेत शाईफवारा छपाईतील कलाप्रतींना ‘जिक्ले’ हे नाव मिळाले. रंगद्रव्ययुक्त शाईने सुती वा पॉलिएस्टर कॅनव्हासवर छापून तो लाकडी चौकटीवर ताणतात.

कायदा : मूळ चित्रांवर स्वामित्वहक्क उरलेला नाही, तथापि इटलीच्या २००४ च्या वारसा संहितेनुसार तेथील सार्वजनिक संग्रहांतील कृतींच्या व्यावसायिक प्रतिकृतींसाठी परवानगी व शुल्क लागते.

मूल्यमापन : घोटलेले सोने प्रकाशाबरोबर बदलते, छपाईत ते पिवळट वा तपकिरी सपाट रंग होऊन बसते. उफ्फीझीतील लिप्पीच्या मॅडोनेच्या डोक्यावरील तलम ओढणीच्या रेघा जाड विणीत हरवतात, आणि कडा चौकटीवर दुमडल्यास तिच्यामागे रंगविलेली खिडकीची चौकटच मोडते. बोत्तिचेल्लीची वर्तुळाकार मॅडोना चौकोनात कापून विकली जाते. कॅनव्हासचा पोत अस्सलपणाची खूण म्हणून पुढे केला जात असला, तरी फळीवरील चित्रांच्या बाबतीत तो परकाच आहे. त्यांच्यासाठी गुळगुळीत कागदावरील चांगली छपाई अधिक प्रामाणिक ठरते.