गिअरच्या दांड्याची खडखड



इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें राजे, तह आणि लढाया उभ्या राहतात. आज मी आपणांस एका हातभर लोखंडी दांड्याचा इतिहास सांगणार आहें. डोंगरांतून व नदीच्या पात्रांतून जाणाऱ्या जीपगाडींत जो बसला, त्यानें हा दांडा थरथरतांना पाहिला आहे, त्याची खडखडही ऐकली आहे. ही खडखड गाडीचा दोष समजावा, कीं तिचा स्वभाव? या प्रश्नाचें उत्तर दांड्याच्या इतिहासांत सांपडतें.

मोटारीच्या एंजिनाला कांहीं एका वेगानें फिरल्याखेरीज बळ येत नाहीं. म्हणून एंजिन व चाकें यांच्यामध्यें लहानमोठ्या दंतचक्रांची पेटी बसवावी लागते. १८९१ पासून पॅरिसच्या पानार-लेव्हासोर कारखान्यानें एंजिन पुढें, पेटी त्याच्या मागें आणि ओढ मागल्या चाकांना, अशी रचना रूढ केली. तींत दंतचक्रें सरकवून एकमेकांत गुंतविण्याचें काम चालकाच्या हातांतील दांड्याकडे आलें. दांत्यांचे वेग जुळले नाहींत, तर पेटींतून कर्कश ओरड उठे. हे वेग जुळवून देणारी सिंक्रोमेशची योजना अमेरिकेंतील कॅडिलॅक गाडींत १९२८ सालीं आली आणि ती ओरड पुष्कळशी शमली. पुढें १९३८-३९ च्या सुमारास तेथील अनेक गाड्यांत दांडा जमिनीवरून उचलून स्टिअरिंगच्या खांबावर नेण्यांत आला. दांडा व पेटी यांच्यामध्यें सळया आल्या, पायांशीं जागा मोकळी झाली, आणि शहरांतील मोटारवाल्याला पेटीची थरथर विसरतां आली.

इतक्यांत महायुद्ध आलें. १९४० सालीं अमेरिकन सैन्यानें चारही चाकांना ओढ असलेली एक हलकी गाडी मागविली. पेनसिल्व्हेनियांतील बँटम कारखान्यासाठीं कार्ल प्रॉब्स्ट यांनीं तिचा आराखडा केला, व त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत पहिली गाडी सैन्याच्या हवालीं झाली. पुढें विलिस व फोर्ड या कारखान्यांनीं युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या. या गाडींत दांडा पुन्हां जमिनीवर, थेट पेटीच्या डोक्यावर आला. तोही एकटा नव्हे. एक दांडा गिअरचा, दुसरा पुढल्या चाकांना ओढ देण्याचा, आणि तिसरा वेग जवळजवळ निम्मा करून बळ दुप्पट करण्याचा. युद्ध संपल्यावर १९४५ सालीं विलिसनें नागरिकांसाठीं जीप काढली. तिच्या आरंभींच्या गाड्यांत दांडा खांबावर नेला होता. पण थोड्याच काळांत तो जमिनीवर परत आला.

आतां खडखडीचें मूळ पाहूं. दांड्याच्या खालच्या भागीं एक गोळा असतो. तो पेटीच्या झांकणांतील वाटींत बसतो, व एक स्प्रिंग त्याला दाबून धरते. दांड्याचें टोंक दंतचक्रें सरकविणाऱ्या दुबेळक्यांच्या खांचेंत शिरतें. टोंक व खांच यांच्यामध्यें किंचित् मोकळीक ठेवावीच लागते. बैलगाडीचें चाक आंसावर घट्ट ठोकून बसविलें, तर गाडी चालेल काय? मोकळीक आली कीं तिच्यामागून थोडा आवाज येणारच.

परंतु सर्वच हालचाल एका जातीची नसते. एंजिन व पेटी रबराच्या बैठकींवर असतात. क्लच सोडतांच तीं दोन्हीं डुलतात, व त्यांच्यावर उभा असलेला दांडाही डुलतो. हा त्याचा स्वभाव होय. दुसरी जात बारीक, किणकिणती. हात ठेवतांच ती थांबते. स्प्रिंग सैल झाली किंवा गोळा झिजला, असा तिचा अर्थ. दुरुस्ती लहान असते. तिसरी जात मात्र घातक. पाय ॲक्सिलरेटरवरून उचलतांच दांडा ठोसा मारल्यासारखा मागेंपुढें होतो, आणि एखादे वेळीं गिअरमधून निसटतो. येथें झीज पेटीच्या पोटांत, दंतचक्रांपर्यंत किंवा बेअरिंगांपर्यंत पोंचलेली असते.

१९४७ ते १९४९ च्या दरम्यान मुंबईंत महिंद्र कंपनीनें विलिस जीपची जुळणी सुरू केली, आणि ही गाडी आपल्या घाटांतील ओळखीची झाली. घाट उतरतांना जाणता चालक गाडी खालच्या गिअरमध्यें ठेवून एंजिनाच्या आधारानें तोलतो. तो गिअर निसटला, तर साऱ्या गाडीचा भार एकट्या ब्रेकांवर पडतो. अशा वेळीं प्रश्न आवाजाचा राहत नाहीं. आंत बसलेल्यांच्या प्राणांचा होतो.

म्हणून दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. खडखड बंद करण्यासाठीं दांड्याशीं चिंधी किंवा रबराचा तुकडा कोंबूं नये; त्यानें आवाज जातो, पण झीज चालूच राहते. तसेंच हात सारखा दांड्यावर टेकून ठेवूं नये. त्या भारानें दुबेळकीं घांसलीं जातात. नंतरच्या काळांत दांड्याच्या जोडांत रबर घालून किंवा तारांच्या साहाय्यानें दांडा दूर नेऊन ही थरथर पुष्कळ कमी करण्यांत आली. गाडी शांत झाली, हें चांगलेंच झालें. तथापि जुन्या जीपचा दांडा बोलतो, आणि घाट उतरण्यापूर्वीं त्याचें बोलणें कान देऊन ऐकणें व तिसऱ्या जातीची शंका येतांच गाडी कारागिराकडे नेणें, हें चालकाचें कर्तव्य आहे.