गॅमा किरण स्फोटांचा माग: एका तंत्राची कुळकथा

गॅमा किरण स्फोट टिपण्याचे तंत्र अणुचाचण्यांवरील पाळतीतून जन्माला आले. वातावरणात, अवकाशात आणि पाण्याखाली अणुचाचण्या न करण्याचा करार अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी १९६३ मध्ये मॉस्कोत केला. तो कोणी चोरून मोडत नाही ना, हे पाहण्यासाठी अमेरिकेने त्याच वर्षापासून ‘वेला’ उपग्रह जोडीजोडीने सोडले. अणुस्फोटातून निघणारे गॅमा किरण पकडणारी त्यांवरील उपकरणे लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेने तयार केली होती.

२ जुलै १९६७ रोजी वेलांनी टिपलेला झोत अणुस्फोटासारखा नव्हता. लॉस अलामॉसच्या रे क्लेबेसॅडेल आणि रॉय ओल्सन यांना ही नोंद १९६९ मध्ये जुनी माहिती चाळताना सापडली. झोत आला कुठून, हे ठरवणे मात्र अवघड होते, कारण साध्या दुर्बिणीची भिंगे किंवा आरसे गॅमा किरणांना एकत्र आणू शकत नाहीत. मार्ग निघाला तो घड्याळातून. पृथ्वीच्या दोन बाजूंना असलेल्या वेलांमधले अंतर कापायला प्रकाशाला जवळजवळ एक सेकंद लागे. झोत कोणत्या उपग्रहावर किती आधी पोचला, यावरून आकाशात एक वर्तुळ आखता येते. स्रोत त्या वर्तुळावर कुठेतरी असतो. तिसऱ्या उपग्रहाची वेळ मिळाली की दुसरे वर्तुळ आखता येते आणि शक्यता दोन छेदनबिंदूंपुरती उरते. या पद्धतीने पृथ्वी आणि सूर्य हे स्रोत नाहीत हे सिद्ध झाले. क्लेबेसॅडेल, इयन स्ट्राँग आणि ओल्सन यांनी अशा १६ झोतांची, म्हणजेच गॅमा किरण स्फोटांची, माहिती १९७३ मध्ये प्रसिद्ध केली.

उपग्रहांमधले अंतर वाढले की दिशा अधिक नेमकी कळते. म्हणून पुढे शुक्राकडे गेलेली यानेही या कामी आली. तरी स्फोट किती दूर होतात, हा प्रश्न सुटेना. १९९१ मध्ये सोडलेल्या कॉम्प्टन वेधशाळेच्या आठ कोपऱ्यांवर शोधक बसवले होते. कोणत्या शोधकावर किती किरण पडले, यावरून दिशेचा अंदाज येई. तिने नऊ वर्षांत २,७०४ स्फोट नोंदले. ते आकाशात सर्वत्र सारखे विखुरलेले होते. त्यामुळे स्रोत आकाशगंगेबाहेर असावेत, या मताला बळ मिळाले.

निर्णायक पुरावा इटली आणि नेदरलँड्सच्या ‘बेप्पोसॅक्स’ उपग्रहाने मिळवून दिला. २८ फेब्रुवारी १९९७ च्या स्फोटानंतर काही तासांत त्याने आपले क्ष-किरण कॅमेरे त्या दिशेला वळवले आणि स्फोटामागे रेंगाळणारी, विझत चाललेली झळाळी टिपली. तिच्या आधारे जमिनीवरील दुर्बिणींना त्याच जागी दृश्य प्रकाशही सापडला. मे महिन्यातील दुसऱ्या स्फोटाच्या वर्णपटावरून त्याचे अंतर अब्जावधी प्रकाशवर्षे असल्याचे कळले.

२००४ मध्ये सोडलेल्या ‘स्विफ्ट’ उपग्रहाने हा काही तासांचा विलंब मिनिटांवर आणला. त्याच्या शोधकावर शिशाच्या तुकड्यांची छिद्रयुक्त चादर आहे. स्फोटाच्या प्रकाशात तिची सावली कशी पडते, यावरून दिशा काढली जाते आणि उपग्रह आपल्या इतर दुर्बिणी स्वतःच तिकडे वळवतो. भारताच्या २०१५ मधील ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’वरील, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) पुढाकाराने घडलेल्या उपकरणातही अशीच सावली पाडणारी चादर असून त्याने शेकडो स्फोट टिपले. १७ ऑगस्ट २०१७ रोजी ‘फर्मी’ उपग्रहाने टिपलेला स्फोट दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून उठलेल्या गुरुत्वीय लहरींनंतर १.७ सेकंदांनी पोचला. अशा मीलनातून अल्पकालीन गॅमा किरण स्फोट होतात, याचा तो पहिला थेट पुरावा ठरला.