‘याच्या जागी हा चालेल’: लॅमिंग्टन रोडच्या काउंटरची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी आजचा भाग इथे लिहून देतोय. बोलताना येणारे ‘अं’ आणि ‘काय म्हणतात त्याला’ काढून टाकलेत, बाकी बरंचसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे पार्ट विकणारी दुकानं. एक रेझिस्टर, दोन ट्रान्झिस्टर, एखादी आयसी असं किरकोळीत देणारी. ही दुकानं कमी का झाली, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘ऑनलाइन आलं ना!’ उत्तर चूक नाही, पण अर्धं आहे. ही दुकानं नक्की काय विकत होती, तेच आपण नीट पाहिलेलं नाही. म्हणून आज थोडा इतिहास.

आधी टंचाई होती

मुंबईत या धंद्याचं माहेर म्हणजे लॅमिंग्टन रोड. 1903 ते 1907 या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचं नाव. अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते टपालाच्या पत्त्यापुरतं. हा रस्ता एके काळी मिनर्व्हा, नाझ, अप्सरा अशा थिएटरांसाठीही ओळखला जायचा. ग्रँट रोड स्टेशनवरून चालत पाच-दहा मिनिटं.

मी राहतो मानपाड्याला, डोंबिवली पूर्वेला. इथून लॅमिंग्टन रोडला जायचं म्हणजे स्टेशनपर्यंत रिक्षा, दादरपर्यंत फास्ट, तिथे पूल चढून वेस्टर्नची स्लो पकडायची, कारण ग्रँट रोडला फास्ट थांबत नाही. जाऊन-येऊन अर्धा दिवस. तरी कल्याण-डोंबिवली-ठाण्याकडचे रिपेअरवाले आणि हौशी पोरं पिढ्यानपिढ्या हाच रस्ता धरत आली, कारण गावातल्या दुकानात जे मिळायचं नाही ते तिथे मिळायचं.

आता हा बाजार ज्या काळात वाढला तो आठवा. रेडिओ घरात ठेवायलाही लायसन्स लागायचं. पोस्टात जाऊन दर वर्षी फी भरायची. ही पद्धत 1980च्या दशकात जाऊन बंद झाली. आयातीवर परवान्यांचं बंधन, आणि त्यावर जबर शुल्क. 1991च्या सुधारणांआधी आयातशुल्काचा कमाल दर 300 टक्क्यांच्याही वर होता. त्या वर्षी तो 150वर आणला, आणि तीही मोठी सूट वाटली. परदेशी डेटाशीटमध्ये दिलेला पार्ट हातात पडेलच याची खात्री नसायची.

मग मिळायचं काय? देशात बनलेलं. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने 1960च्या दशकातच ट्रान्झिस्टर बनवायला घेतले होते. दिल्लीची कॉन्टिनेंटल डिव्हाइस 1964ची. केरळची केल्ट्रॉन 1973ची, तिचे कपॅसिटर सगळीकडे दिसायचे. एसएल100 आणि एसके100 ही पत्र्याच्या टोपीतल्या ट्रान्झिस्टरांची जोडी आपल्याकडच्या डिप्लोमा-इंजिनिअरिंगच्या प्रॅक्टिकलला बसलेल्या प्रत्येकाला आठवेल. बाहेरच्या देशांतल्या इंजिनिअरला विचारा, बहुतेकांनी नावही ऐकलेलं नसतं.

काउंटरवर काय चालायचं

1969 साली दिल्लीहून ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ मासिक सुरू झालं. त्यात सर्किट यायची, पोरं ती कापून वहीत चिकटवायची आणि पार्टची यादी घेऊन दुकानात जायची. यादीतले निम्मे पार्ट नसायचे. खरी गोष्ट इथून सुरू होते.

दुकानदार यादी बघायचा आणि म्हणायचा, ‘हा नाही. याच्या जागी हा चालेल.’

हे वाक्य साधं वाटतं, पण त्यात किती ज्ञान आहे बघा. समजा तुम्ही 2एन3904 मागितला. तो नाही, बीसी547 आहे. दोन्ही एनपीएन, दोन्ही लहान सिग्नलचे, व्होल्टेजची मर्यादा जवळपास सारखी. पण 3904चा सपाट भाग तुमच्याकडे केला तर पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर असे येतात. 547चे बरोबर उलटे: कलेक्टर, बेस, एमिटर. म्हणून चांगला दुकानदार पुढचं वाक्यही जोडायचा: ‘चालेल, पण पाय उलटे लाव.’ हे पुढचं वाक्य ऐकायला मिळालं नाही तर घरी जाऊन सगळी संध्याकाळ वाया.

त्या दुकानदाराने इंजिनिअरिंग केलेलं असेलच असं नाही. काउंटरखाली ‘टॉवर्स’सारखं ट्रान्झिस्टरच्या पर्यायांचं एखादं जाडजूड पुस्तक असेल, पण खरा डेटाबेस म्हणजे परत येणारी गिऱ्हाइकं. टीव्ही रिपेअर करणारा आठवड्यातून दोनदा यायचा. दिलेला पर्याय टिकला नाही तर तो येऊन सांगायचाच, आणि चांगल्या शब्दांत नाही. शंभर रिपेअरवाल्यांचे असे अनुभव एका डोक्यात जमा व्हायचे आणि पुढच्या गिऱ्हाइकाला फुकट मिळायचे. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत याला फीडबॅक लूप म्हणतात.

बाजार वाढला तो अशाच रिपेअरवाल्यांच्या जोरावर. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972ला सुरू झालं. 1982च्या एशियाडच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला. मग टेपरेकॉर्डर, मग अॅम्प्लिफायर. चाळीत, कॉलनीत कुठे ना कुठे एक रिपेअरवाला बसलेला असायचा. हौशी पोरं या प्रवाहात कडेकडेने पोहत होती. दोन ट्रान्झिस्टरच्या गिऱ्हाइकावर कोणाचं दुकान चालत नाही; दुकान रिपेअरवर चालायचं, म्हणून पोरांना दोन ट्रान्झिस्टर मिळायचे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आणि गणपती! मखराभोवती पळणारे दिवे करायचे म्हणजे एक 555, एक 4017 आणि दहा एलईडी. 555 टिकटिक करतो, 4017 त्या प्रत्येक टिकेला आपल्या दहा पायांपैकी पुढच्या पायावर करंट देतो. दिवे जागच्या जागी असतात, पळताना दिसतात. गाणं हवं असेल तर यूएम66, तीन पायांची, दिसायला ट्रान्झिस्टरच, पण बॅटरी दिली की सूर वाजवणारी. मंडळाचा अॅम्प्लिफायर असेल तर 4440. कितीतरी जणांचं पहिलं सर्किट हेच असेल.

उगीच गोडवे गायचे नाहीत. गर्दीच्या वेळी किरकोळ मागणाऱ्याकडे कोणी बघायचं नाही. पॉवर ट्रान्झिस्टरवर दुसराच नंबर छापून विकलेला माल हा या बाजाराचा जुना रोग. पोरींना त्या गल्लीत एकटीने जाऊन प्रश्न विचारणं सोपं नव्हतं. आणि परीक्षेच्या आधी तयार प्रोजेक्ट विकत घेऊन जाणारे विद्यार्थी हासुद्धा याच बाजाराचा धंदा होता.

ओहोटी कशी लागली

आता क्रम बघा. ऑनलाइन खरेदी यात सगळ्यात शेवटी येते.

पहिलं, 1990च्या दशकात कॉम्प्युटर आले. लॅमिंग्टन रोड म्हणजे असेंबल्ड पीसी, अशी नवी ओळख झाली. एका मदरबोर्डवर जितकं सुटतं तितकं रेझिस्टरच्या हजार पुड्यांवर सुटत नाही. मोक्याच्या जागांवरून सुटे पार्ट मागे सरकले, गल्लीत आणि पोटमाळ्यावर गेले.

दुसरं, भारताने 1997मध्ये माहिती-तंत्रज्ञान करारात प्रवेश केला आणि 2005पर्यंत त्यातल्या वस्तूंवरचं आयातशुल्क शून्यावर आलं. आयसी स्वस्त झाल्या, पण बाहेर बनलेल्या तयार वस्तूही स्वस्त झाल्या. गणपतीची दिव्यांची माळ चीनहून तयार यायला लागली, तेव्हा 4017 आणायला दादरला गाडी कोण बदलणार?

तिसरं, पार्टच लहान झाले. जुन्या रेझिस्टरला दोन लांब पाय आणि रंगीत पट्टे असायचे. आता बोर्डवर जे बसतात त्यातला 0402 हा नेहमीचा आकार एक मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद असतो. शिंक आली की गेला. ते यंत्राने बसवतात आणि त्यांची हजारोंची रिळं विकतात. काउंटरवर सुटा द्यायची ती वस्तूच नाही.

चौथं आणि सगळ्यात मोठं, रिपेअर संपलं. टीव्ही बिघडला तर पार्ट बदलत नाहीत, अख्खा बोर्ड बदलतात किंवा टीव्हीच बदलतात. मघाशी म्हटलं ना, दुकान रिपेअरवर चालायचं. मुख्य प्रवाह आटला तशी कडेची जागाही कोरडी पडली.

हे सगळं झाल्यावर ऑनलाइन आलं. 2005मध्ये इटलीत आर्डुइनो, 2012मध्ये इंग्लंडचा रास्पबेरी पाय, 2014च्या सुमारास शांघायच्या कंपनीची ईएसपी8266, काही शे रुपयांत वाय-फाय देणारी चिप. हौस परत वाढली, उलट आधीपेक्षा जास्त पोरं आली. पण त्यांना ट्रान्झिस्टर नको होते, मॉड्यूल हवी होती, आणि ती पुण्याच्या रोबूसारख्या साइटवरून मानपाड्यात घरपोच यायला लागली.

म्हणजे दुकान बंद पडलं तेव्हा हौस मेलेली नव्हती. हौसेची वस्तू बदलली होती.

हे फक्त आपल्याकडे नाही

अमेरिकेत रेडिओशॅक, 1921ची साखळी, फेब्रुवारी 2015मध्ये दिवाळखोरीत गेली. ब्रिटनची मॅप्लिन 2018मध्ये बंद झाली, दोनशेच्या वर दुकानं. टोकियोच्या अकिहाबारातलं जुनं ‘रेडिओ स्टोअर’ नोव्हेंबर 2013मध्ये मिटलं. दुसरीकडे डिजी-की ही जगातली मोठी पार्ट-विक्रेती कंपनी 1972ला अमेरिकेतल्या एका छोट्या गावात सुरू झाली, ती हॅम रेडिओवाल्यांना मोर्स कीचं किट विकण्यातून. म्हणजे हौशी गिऱ्हाइकावर उभं राहून पुढे मोठं होता येत होतं.

आणि चीनच्या शेनझेनमधला ह्वाछ्यांगपेईचा बाजार अजून गजबजलेला आहे. तिथे इंटरनेट नाही असं थोडंच आहे! पण आजूबाजूला कारखाने आहेत, मोबाइल उघडून दुरुस्त करणारे आहेत, काउंटरला रोजचं गिऱ्हाईक आहे. काउंटर कशावर जगतं याचं उत्तर तिथे मिळतं. आपल्याकडेही लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची बुधवार पेठेतली तपकीर गल्ली पूर्ण बंद पडलेली नाही. अजून जाऊन बघण्यासारखी आहेत. पण ‘सुटा एक द्या’ म्हणणाऱ्याची जागा आकसली आहे.

मग बिघडलं काय?

कोणी म्हणेल, पार्ट तर घरी येतोय, स्वस्त येतोय, डेटाशीट फुकट आहे. रडायचं कशाला?

2021 आठवा. कोविडनंतर जगभर चिपचा तुटवडा झाला. मारुतीने त्या सप्टेंबरमध्ये उत्पादन नेहमीच्या सुमारे 40 टक्क्यांवर येईल असं जाहीर केलं. महिंद्रानेही त्याच महिन्यात 20 ते 25 टक्के घट सांगितली. एसटीएम32सारखे नेहमीचे मायक्रोकंट्रोलर अनेक पट भावाने विकले जात होते. जगभरच्या हार्डवेअर टीमसमोर तेव्हा एकच प्रश्न होता: हा मिळत नाही, तर याच्या जागी काय चालेल?

तोच, लॅमिंग्टन रोडच्या काउंटरवरचा. साइटवर ‘स्टॉकमध्ये नाही’ एवढंच लिहून येतं. ‘हा घे, पण पाय उलटे लाव’ असं ती सांगत नाही. फिल्टर लावून सारखे आकडे शोधता येतात, मान्य. पण कागदावर सारखा असलेला पार्ट उन्हाळ्यात, कमी-जास्त व्होल्टेजवर, डोंबिवली एमआयडीसीतल्या एखाद्या शेडमधल्या मशीनवर टिकतो का, ते परत येऊन सांगणारा माणूस लागतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. ही दुकानं पार्ट विकत होती आणि त्यावर पर्यायाचं ज्ञान फुकट देत होती. पार्ट दुसरीकडे स्वस्त मिळाला, गिऱ्हाईक गेलं. ज्ञानाला वेगळी किंमत लावलेलीच नव्हती, त्यामुळे ते गेलं तरी कोणाच्या हिशोबात तोटा दिसला नाही.

डिसेंबर 2021मध्ये सरकारने सेमीकंडक्टरसाठी 76,000 कोटींची योजना मंजूर केली. डिसेंबर 2022मध्ये राइट टू रिपेअरचं पोर्टल आलं. दोन्ही चांगलं. पण कारखान्यात चिप बनवणं आणि गल्लीत चिप बदलता येणं यांच्यामधला दुवा म्हणजे ते काउंटर होतं. दोन्ही योजनांत त्याचं नाव नाही.

काउंटर जसंच्या तसं परत येणार नाही. पण ते ज्ञान अजून माणसांकडे आहे, आणि ती माणसं साठी-सत्तरीला आली आहेत. तुमच्या भागात जुना टीव्ही-अॅम्प्लिफायर रिपेअर करणारे कोणी काका असतील तर त्यांच्याकडे जाऊन बसा. कुठल्या पार्टच्या जागी ते काय लावायचे आणि का, हे एका वहीत उतरवून घ्या. कॉलेजात असाल तर मिनी प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये ‘मिळाला नाही, म्हणून हे वापरलं, असं चाललं’ हा एक तक्ता जोडा. मास्तर मार्क देतील न देतील, पुढच्या बॅचला तो उपयोगी पडेल.

असे पर्याय तुमच्याकडे असतील तर मलाही पाठवा, पाय उलटे की सुलटे ते लिहायला विसरू नका. पुढच्या भागात वाचून दाखवेन. तोपर्यंत, भेटू.