रिबाय पोकर : पहिल्या तासात पत्त्यांआधी पैशांचा हिशेब

ग्वाल्हेर : दिवाळीच्या रात्री तीन पत्तीचा डाव लष्कर भागातल्या मराठी घरांनाही नवा नाही. पोकर वेगळा, आणि त्यातली रिबाय टुर्नामेंट आणखी वेगळी. मध्य प्रदेशात कॅसिनो नाहीत. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा मंजूर केला. म्हणून हौस असलेला माणूस गोवा एक्स्प्रेस धरतो. ग्वाल्हेर, पुणे, बेळगाव करत ती वास्कोला पोचते. गोव्याच्या कॅसिनोंत २१ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही, आणि फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांनाही तिथे खेळायला मनाई आहे.

साध्या टुर्नामेंटमध्ये प्रवेश फी एकदाच, सगळ्यांना सारख्या चिप्स; त्या संपल्या की उठायचं. रिबायमध्ये सुरुवातीचा ठरावीक वेळ, बहुधा तासभर किंवा थोडा जास्त, पुन्हा पैसे भरून चिप्स घेता येतात. मुदत संपताना सगळ्यांना एकदा ‘ॲड-ऑन’ म्हणजे जादा चिप्स विकत मिळतात. मग दुकान बंद.

समजा प्रवेश ५,००० रुपये आणि चिप्स १०,०००. रिबाय तेवढ्याच दराने. ॲड-ऑनही ५,००० रुपयांना, पण चिप्स १५,०००. जाहिरातीत ५,००० हाच आकडा मोठा दिसतो, आणि बरेच जण तेवढाच डोक्यात धरून बसतात. तीन रिबाय आणि एक ॲड-ऑन झाला की खर्च २५,००० वर जातो. माझ्या मते हा पूर्ण आकडा घरीच ठरवावा. टेबलावर चौथ्यांदा पाकीट काढताना माणूस हिशेब करत नाही, भरपाई शोधत असतो. गेलेला पैसा बुडीत खात्यात. पुढचा रिबाय नवी गुंतवणूक समजून तपासायचा. रिबायच्या रकमेतून आयोजक फी कापतो का, हेही आधी विचारून घ्या.

मुदत चालू असताना लोक सैल खेळतात. हरलो तर पुन्हा घेऊ, या भरवशावर कसल्याही पत्त्यांवर ऑल-इन. अशांसमोर ब्लफ करणं म्हणजे बहिऱ्यापुढे गाणं. ते पत्ते टाकतच नाहीत. उलट चांगले पत्ते आले की दाबून पैसे लावावेत. एक्क्यांची जोडी एका प्रतिस्पर्ध्याविरुद्ध शंभरात सुमारे ८५ वेळा जिंकते, कसलेही पत्ते घेऊन चौघे आले तर सुमारे ५६ वेळा. म्हणजे जवळपास निम्म्या वेळा तीही हरते, पण जिंकली तर चौघांच्या चिप्स मिळतात. सौदा फायद्याचाच आहे, फक्त हरलेल्या वेळी पुन्हा बसायची सोय खिशात हवी. ती नसेल तर अशा झुंजी कमी घ्याव्यात, लहान जोड्या आणि एकाच रंगाचे लागोपाठचे पत्ते स्वस्तात बघायला मिळाले तरच खेळावेत. बाकीच्यांच्या रिबायने बक्षिसाची रक्कम वाढतेच, तिच्यात तुमचाही हिस्सा असतो.

बसल्या बसल्याच रिबाय घ्यावा का? नियमांत सुरुवातीच्या चिप्सएवढा स्टॅक असताना परवानगी असेल आणि टेबलावर बहुतेकांनी घेतला असेल, तर घ्यावा. तुमच्याकडे १०,००० असतील तर २०,००० वाल्याकडूनही तुम्ही १०,०००च जिंकू शकता. मात्र ठरलेल्या आकड्यात तो बसत असेल तरच.

शेवटच्या मिनिटांतला रिबाय वेगळा. मोठा ब्लाइंड १०० असताना १०,००० म्हणजे शंभर ब्लाइंड. तो ४०० झाला की तेवढ्याच चिप्स पंचवीस ब्लाइंड. पैसे तेच, हालचालीला जागा चौथा भाग. ॲड-ऑनला वरच्या उदाहरणात रुपयाला तीन चिप्स पडतात, रिबायला दोन. त्यामुळे स्टॅक लहान किंवा मध्यम असेल तर ॲड-ऑन बहुधा परवडतो. डोंगराएवढ्या चिप्स असतील तर १५,०००ने फारसा फरक पडत नाही.

आता आयकर, जो टेबलावर कुणी काढत नाही. पत्त्यांच्या खेळातल्या बक्षिसावर ३० टक्के कर आहे, उपकर वेगळा, आणि ते जिंकण्यासाठी केलेला खर्च त्यातून वजा होत नाही. वरच्या उदाहरणात २५,००० घालून ४०,००० जिंकले तर कागदावर १५,००० सुटले. पण कर पूर्ण ४०,००० वर लागतो, म्हणजे १२,०००. उपकर धरला तर हातात ३,०००सुद्धा राहत नाहीत, आणि त्यात ग्वाल्हेर-वास्कोचं जाण्यायेण्याचं भाडं अजून धरलेलं नाही.