मराठी अग्रलेख रशियनमध्ये कसा पोचला

1908 साली 'केसरी'तल्या लेखांवरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा, मंडाले, 'गीतारहस्य' ही पुढची कथाही पाठ आहे. मला मात्र त्यातलं भाषांतराचं प्रकरण अधिक खुणावतं. भंडाऱ्यात घरी उर्दू, बाजारात झाडीबोली आणि वहीत प्रमाण मराठी अशा तीन घरचा पाहुणा असलेल्या माझ्यासारख्याला, शब्द उंबरठा ओलांडताना कसा बदलतो ते रोजच दिसतं.

30 एप्रिल 1908 रोजी मुझफ्फरपूरला बॉम्ब पडला, दोन इंग्रज स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. 12 मे रोजी 'केसरी'त 'देशाचे दुर्दैव' हा लेख आला, 9 जूनला 'हे उपाय टिकाऊ नाहीत'. टिळकांनी बॉम्बचा गौरव केला नव्हता. सरकारच्या हेकेखोर धोरणातून हे निपजतं, असं त्यांचं म्हणणं होतं. शांत स्वभावाच्या या देशाची अवस्था रशियासारखी होऊ लागली, ही खंतही पहिल्या लेखात होती.

24 जूनला मुंबईत अटक झाली. न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. मराठी न जाणणाऱ्यांचं बहुमत असलेली ज्यूरी नको, हा आक्षेप फेटाळला गेला. म्हणजे न्यायालयात आरोपी म्हणून उभा होता तो मराठी लेख नव्हेच, त्याचं सरकारी कचेरीत झालेलं इंग्रजी होतं! टिळकांनी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली, शब्दाशब्दावर हरकत घेतली. इंग्रजी राजकीय कल्पनांसाठी मराठी अजून शब्द घडवते आहे; ते शब्द परत इंग्रजीत नेले की मूळ अर्थ राहत नाही, हे त्यांनी ज्यूरीला समजावलं. त्यांचं भाषण 21 तासांहून अधिक चाललं.

एक शब्द मीच घेतो: जुलूम. अरबीतून फारसीवाटे आपल्याकडे आला आणि इथलाच झाला. मराठीत तो राज्यकर्त्याला लावतात, उन्हालाही लावतात, आणि नाइलाजाने केलेल्या नमस्काराला 'जुलमाचा रामराम' म्हणतात. इंग्रजी कोशातला भारदस्त प्रतिशब्द शोधून तिथे ठेवा, रामराम करणाराही बंडखोर ठरेल.

22 जुलैच्या रात्री निकाल लागला. सात विरुद्ध दोन. दोषी म्हणणारे सातही युरोपियन होते. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवलं, रस्त्यावर गोळ्या झेलल्या. हे लोक काही 'केसरी'चे वर्गणीदार नव्हते. लिहिता-वाचता येणारे त्यांत थोडेच असतील. त्यांना कुठल्याच भाषांतराची गरज पडली नाही.

ही बातमी इंग्रजी वाटेने युरोपात गेली. लेनिन तेव्हा जिनिव्हात परागंदा होते. त्यांच्या 'प्रोलेतारी' पत्राच्या ऑगस्ट 1908 च्या अंकात जगातल्या राजकीय स्फोटकांविषयी त्यांचा लेख आला. त्यात टिळकांचा उल्लेख लोकशाहीवादी म्हणून आहे, शिक्षेचा कडक निषेध आहे, मुंबईच्या संपाची दखल आहे. ज्यूरीची फूटही त्यांनी हेरली: भारतीय सदस्य सुटकेच्या बाजूचे, इंग्रज शिक्षेच्या, असं पार्लमेंटमधल्या प्रश्नोत्तरातून बाहेर आल्याचं ते नोंदवतात. रशियाचा दाखला देणारा पुण्याचा लेख, त्याचं हे रशियन पडसाद!

त्याच वर्षी अलीगढला मौलाना हसरत मोहानी यांनाही 'उर्दू-ए-मुअल्ला'तल्या लेखासाठी तुरुंगात जावं लागलं. विषय होता इजिप्तमधलं इंग्रजांचं धोरण. मौलाना टिळकांचे भक्त, हे उर्दू वाचकांना ठाऊक आहे; मराठीत फारसं कुणी सांगत नाही.

पुढे 1916 मध्ये बेळगाव आणि अहमदनगरच्या मराठी भाषणांवरून टिळकांकडे पुन्हा जामीन मागितला गेला. या वेळी बॅरिस्टर जीना त्यांच्यासाठी उभे राहिले. सुटं वाक्य न धरता भाषण सलग वाचलं पाहिजे, ही दृष्टी उच्च न्यायालयाने स्वीकारली आणि नोव्हेंबरात तो हुकूम रद्द केला.